पाणी आधी कुणाच्या दारात येतं? श्रद्धा, वंश-जात आणि हवामान न्याय समजून घेताना

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका. कोल्हापुरात हे आकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतात. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी भेटणारा माणूस आधी विचारतो, 'पाणी किती फुटांवर?' आणि मग बाकीचं बोलतो. २०१९ साली पातळी ५५ फुटांच्या पुढे गेली आणि २०२१ साली ५६ फुटांच्याही वर. पण पूर सगळ्या शहराला एकाच वेळी लागत नाही. सुतारवाड्यातल्या घरांत पाणी शहरात सगळ्यात आधी शिरतं. मग तिथली कुटुंबं गाठोडी, शेगडी, पोरांची दप्तरं, रेशनकार्डाची प्लॅस्टिकची पिशवी घेऊन दसरा चौकातल्या चित्रदुर्ग मठात येतात. सतरंज्या अंथरल्या जातात, खांबाला दोऱ्या बांधून ओले कपडे वाळत पडतात, कुठून तरी आमटी-भाताचं पातेलं येतं. पाणी ओसरलं की घरातला गाळ उपसायला लोक परत जातात. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हेच.

मठाने दार उघडणं ही माणुसकी आहे आणि कोल्हापूर त्यात कधी कमी पडलेलं नाही. २०१९ च्या महापुरात गावोगावच्या बायकांनी भाकऱ्या थापून टेम्पो भरून पाठवल्या, हे आपण सगळ्यांनी पाहिलं. पण आणखी एक प्रश्न उरतो. दर वेळी तीच माणसं का? त्यांची घरं नदीच्या काठालाच का आहेत, आणि पुराच्या आराखड्याची बैठक भरते तेव्हा त्यांच्यातलं कुणी तिथे का नसतं?

या प्रश्नाला जगात 'हवामान न्याय' म्हणतात. त्याच्या पाठीमागे 'वांशिक न्याय' म्हणजे काळ्या-गोऱ्या भेदाविरुद्धचा जुना लढा आहे. आणि हे दोन्ही लढे जिथे उभे राहिले त्या जागा बऱ्याचदा देवळं, चर्च, मशिदी, विहार अशाच होत्या. हे कसं घडलं, ते समजून घेण्यासाठी थोडं लांब जायला लागेल.

ट्रकसमोर आडवी पडलेली माणसं

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात १९७८ साली रात्रीच्या अंधारात टँकर फिरत होते. त्यांच्यात ट्रान्सफॉर्मरचं जुनं तेल होतं आणि त्या तेलात पीसीबी नावाचं विषारी रसायन. ते नियमाप्रमाणे नष्ट करायला पैसे पडतात. ते वाचवायला ठेकेदाराने दोनशेहून अधिक मैल रस्त्याच्या कडेने ते सोडून दिलं. पीसीबी मातीत वर्षानुवर्षं तसंच राहतं, माशांत आणि माणसांत साठतं, कर्करोगाला कारण ठरू शकतं. ती माती उकरून कुठेतरी पुरणं भाग होतं. सरकारने जागा निवडली वॉरन परगण्यातल्या ॲफ्टन गावाजवळची.

तिथलं भूजल अगदी वर होतं, त्यामुळे विष पुरायला ती जागा चांगली नव्हती. पण परगण्यात काळ्या लोकांची बहुसंख्या होती, बरेचसे गरीब होते, विहिरीचं पाणी पीत होते आणि राजधानीत त्यांचं ऐकणारं फारसं कुणी नव्हतं. सप्टेंबर १९८२ मध्ये ट्रक यायला लागले. लोक कोली स्प्रिंग्ज बॅप्टिस्ट चर्चमध्ये जमायचे, प्रार्थना करायचे आणि गाणी म्हणत चालत जाऊन रस्त्यावर आडवे पडायचे. म्हातारी माणसं होती, शाळेतली पोरं होती. साधारण सहा आठवडे हे चाललं. पाचशेहून अधिक जणांना अटक झाली. ट्रक मात्र थांबले नाहीत, माती तिथेच पुरली. ती शुद्ध करायला पुढे २००३-०४ साल उजाडलं.

त्या दिवसांत अटक झालेल्यांमध्ये बेंजामिन चेव्हिस होते. युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट या चर्चसंघटनेने वांशिक न्यायासाठी एक आयोग नेमला होता, त्याचं काम ते पाहत. या आयोगाने मग देशभरातल्या घातक कचऱ्याच्या जागा घेतल्या आणि त्या त्या भागात राहतं कोण, याची माहिती त्यांच्याशी ताडून पाहिली. १९८७ साली अहवाल आला. अशी जागा कुठे असेल हे सांगणारी सगळ्यात ठळक गोष्ट होती तिथल्या लोकांचा वंश, उत्पन्नापेक्षाही ठळक. गरीब गोऱ्यांच्या वस्तीपेक्षा काळ्यांच्या, लॅटिनो लोकांच्या वस्तीजवळ विष येण्याची शक्यता जास्त होती.

मला या सगळ्यात एक गोष्ट फार मोलाची वाटते. संपूर्ण देशाची ही मोजणी चर्चने केली. ज्यांच्याकडे मयताला आणि बारशाला माणसं येतात त्यांनी आकडे गोळा केले, तक्ते केले, अहवाल छापला. १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनला या सगळ्या वस्त्यांतल्या लोकांची परिषद भरली, तिने पर्यावरणीय न्यायाची १७ तत्त्वं लिहिली. १९९४ साली अध्यक्ष क्लिंटन यांनी आदेश काढला की सरकारी खात्यांनी आपल्या निर्णयांचा अल्पसंख्य आणि गरीब वस्त्यांवर होणारा परिणाम तपासावा. ॲफ्टनच्या रस्त्यावर आडव्या पडलेल्या माणसांना त्यांच्या गावापुरता विजय मिळाला नाही. पण 'कचरा कुणाच्या दारात टाकला जातो' हा प्रश्न त्यानंतर कुणाला टाळता आला नाही.

चर्चच का?

याचं उत्तर भक्तीपेक्षा व्यवहारात जास्त आहे. १ डिसेंबर १९५५ रोजी मॉन्टगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा गोऱ्या माणसाला द्यायला नकार दिला आणि त्यांना अटक झाली. जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने आणि तिच्या सोबतच्या बायकांनी रात्रभर जागून हजारो पत्रकं छापली. काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार घातला आणि तो ३८१ दिवस टिकला. इतके दिवस कामावर जायचं कसं? चर्चच्या नावावर गाड्या घेतल्या गेल्या, कुणी कुठल्या नाक्यावर उभं राहायचं ते ठरलं, पेट्रोलला पैसे झोळीत गोळा झाले. दर आठवड्याला चर्चमध्ये सभा. तिथे भजनंही व्हायची आणि उद्याच्या गाड्यांचं नियोजनही.

काळ्या माणसाची नोकरी गोऱ्या मालकाच्या हातात होती, घरभाडं गोऱ्या घरमालकाच्या हातात, शाळेतली नोकरी गोऱ्यांच्या मंडळाच्या हातात. पाद्रीचा पगार मात्र त्याच्याच लोकांच्या वर्गणीतून यायचा. त्याला कामावरून काढणं गोऱ्यांच्या हातात नव्हतं. आणि चर्चची इमारत काळ्या लोकांची स्वतःची होती. आपल्याकडे तालमीचं जे स्थान आहे, म्हणजे गल्लीतल्या माणसाला हक्काने येऊन बसता येतं, रात्री-अपरात्री हाक मारली तर दहा पोरं धावतात, तेच तिथे चर्चचं होतं. चळवळीला तत्त्वज्ञान लागतं हे खरंच, पण त्याआधी छप्पर, चूल, वर्गणीची पेटी आणि माणसांचा विश्वास लागतो. हे सगळं श्रद्धास्थानांत आधीपासूनच तयार असतं.

पण सगळी चर्च या बाजूची होती असं समजू नका. अमेरिकेतली सदर्न बॅप्टिस्ट ही मोठी चर्चसंघटना १८४५ साली गुलामगिरीच्या वादातून, गुलाम ठेवणाऱ्यांच्या बाजूने वेगळी झाली आणि त्याबद्दल तिने १९९५ साली माफी मागितली. मार्टिन ल्यूथर किंग १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगात होते तेव्हा गोऱ्या धर्मगुरूंनीच त्यांना 'घाई करू नका' असं जाहीर लिहिलं होतं. एकच बायबल दोन्ही बाजूंच्या हातात होतं. हे ध्यानात ठेवा, पुढे आपल्याकडे येताना लागणार आहे.

हवामानाचं गणित

कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळलं की कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि शेकडो वर्षं तिथे राहतो. म्हणजे आज हवा तापली आहे ती आजच्या धुराने तर आहेच, पण गेल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांतल्या साठलेल्या धुरानेही आहे, आणि त्यातला मोठा वाटा युरोप-अमेरिकेचा आहे. आजही सरासरी अमेरिकी माणसामागे वर्षाला साधारण १४ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो आणि सरासरी भारतीयामागे साधारण २ टन.

तापलेली हवा जास्त बाष्प धरून ठेवते, तापमानात एक अंश वाढ झाली की सुमारे ७ टक्के जास्त. म्हणून पाऊस पडतो तेव्हा एकदम पडतो. पूर्वी महिनाभर रिपरिप चालायची, आता राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे एका रात्रीत धडाधड उघडतात. नदीपात्रातली अतिक्रमणं, भराव, पुलांचे बांध, धरणांच्या विसर्गाचं नियोजन हीसुद्धा पुराची कारणं आहेत आणि त्यांच्यावर भांडायलाच हवं. पण आभाळातून पडणाऱ्या पाण्याचं स्वरूपच बदललं आहे, हेही तितकंच खरं.

ज्यांनी धूर कमी सोडला त्यांच्या घरात पाणी जास्त, हवामान अन्याय तो हाच. देशादेशांमध्ये हे भांडण चालू आहे. २०२२ साली शर्म-अल-शेखच्या परिषदेत नुकसानभरपाईचा एक जागतिक निधी उभारायचं ठरलं, त्यासाठी गरीब देशांना कित्येक वर्षं झगडावं लागलं. धर्मसंस्थांनी यात आपली ताकद लावली. २०१३ साली त्याच युनायटेड चर्च ऑफ क्राइस्टने कोळसा-तेल कंपन्यांतली आपली गुंतवणूक काढून घ्यायचा ठराव केला. २०१५ साली पोप फ्रान्सिस यांनी पृथ्वीचा आणि गरिबांचा आक्रोश एकच आहे असं सगळ्या चर्चला लिहून कळवलं. त्याच वर्षी इस्तंबूलमध्ये मुस्लिम अभ्यासक-धर्मगुरूंनी हवामानावर जाहीरनामा काढला.

पण मला जास्त काळजी आहे ती हेच गणित जिल्ह्याच्या आत कसं चालतं याची. पूर ओसरल्यावर चावडीत पंचनाम्याला रांग लागते. तलाठी उतारा मागतो. ज्याच्या नावावर सातबारा आहे त्याच्या उसाची नोंद होते, आणि ती व्हायलाच हवी, त्याचं नुकसान खरं आहे. पण तोच ऊस वाट्याने करणारा वाटेकरी? त्याचा कागदच नाही. त्या शेतात भांगलणीला जाणारी बाई? पंधरा-वीस दिवस पाणी शेतात उभं, म्हणजे पंधरा-वीस दिवसांची मजुरी बुडाली. तिच्या खाड्याचा पंचनामा कुठल्याच नमुन्यात बसत नाही. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला घरमालकाचं पत्र आणायला सांगतात. गगनबावडा-राधानगरीकडच्या धनगरवाड्यांवर पावसाळ्यात वाट तुटते, आजारी माणसाला डालात किंवा घोंगडीत घालून खाली आणायला लागतं. त्या वाड्यांवरच्या माणसांनी हवेत किती धूर सोडला असेल?

वंश तिकडचा, जात इकडची

'काळ्या-गोऱ्याचं आपल्याला काय?' असं बरेच जण विचारतात. महाराष्ट्राने हा संबंध फार आधी ओळखला होता. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' लिहिलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सदाचारी लोकांना. डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली काळ्यांचे नेते डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस यांना पत्र लिहिलं आणि अमेरिकेतल्या काळ्यांच्या आणि इथल्या अस्पृश्यांच्या स्थितीत बरंच साम्य असल्याचं कळवलं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरवरून नाव घेऊन. आणि २००१ साली दक्षिण आफ्रिकेत डर्बनला वंशवादविरोधी जागतिक परिषद झाली तेव्हा दलित कार्यकर्त्यांनी जातीचा प्रश्न तिथे नेला. भारत सरकारचं म्हणणं होतं की जात म्हणजे वंश नाही. शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबरही असेल, पण जन्मावरून माणसाची वस्ती, पाणवठा आणि काम ठरणं दोन्हीकडे सारखंच आहे.

आपल्याकडे पाणी हा पर्यावरणाचा प्रश्न होण्याच्या खूप आधी न्यायाचा प्रश्न होता. १९२७ चं महाडचं चवदार तळं सगळ्यांना माहीत आहे. कोल्हापुरात त्याआधीची गंगाराम कांबळ्यांची हकीकत आहे. ते शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. सवर्णांसाठी राखलेल्या पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना बेदम मारलं गेलं. महाराज तेव्हा गावाबाहेर होते. परत आल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना चहाचं हॉटेल काढायला मदत केली. मग स्वतः तिथे जाऊन चहा घ्यायचे आणि सोबतच्या सरदार-मानकऱ्यांनाही पाजायचे. १९०२ साली संस्थानच्या नोकऱ्यांत मागासांना ५० टक्के जागा राखणारा राजा भाषण करून थांबला नाही, चहाच्या कपापर्यंत गेला.

दसरा चौकात उभं राहून बघा. मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य, शिंपी, सोनार अशा एकेका समाजाची वसतिगृहं शाहू महाराजांनी या शहरात उभी करवली. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग १९०१ सालचं, मिस क्लार्क वसतिगृह १९०८ सालचं. आधी त्यांना सगळ्या जातींची पोरं एकाच ठिकाणी ठेवायची होती, ते जमेना, म्हणून मग ज्या त्या समाजाला सोबत घेऊन त्यांनी काम पुढे रेटलं. श्रद्धा आणि समाजाची बांधणी न्यायाच्या कामाला जुंपणं म्हणजे काय, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही. वेदोक्त प्रकरणात, म्हणजे राजाचे विधी वेदमंत्रांनी करायला पुरोहितांनी नकार दिला त्या वादात, अपमान झालेला हा राजा धर्म सोडून गेला नाही. त्याने १९११ साली कोल्हापुरात सत्यशोधक समाज उभा केला, १९२० मध्ये क्षात्रजगद्गुरूचं, म्हणजे ब्राह्मणेतर धर्मगुरूचं पीठ स्थापन केलं, आणि त्याच वर्षी माणगावच्या परिषदेत तरुण आंबेडकरांना त्यांच्या समाजाचे पुढारी म्हणून गौरवलं. धर्माच्या आत राहून धर्माशी भांडायची ही रीत इथलीच आहे. वॉरन परगण्याची गोष्ट कोल्हापूरकराला परकी वाटायचं म्हणूनच कारण नाही.

श्रद्धा कुणाच्या बाजूने?

आता ती ध्यानात ठेवायला सांगितलेली गोष्ट. श्रद्धेतून निसर्ग जपला जातो, पण तेवढ्याने न्याय होतोच असं नाही. शाहूवाडी, भुदरगड, चंदगडकडच्या देवराया देवाच्या धाकाने टिकल्या, तिथली काडीसुद्धा कुणी उचलत नाही. ते जंगल अमूल्य आहे. पण देवळाच्या उंबऱ्याच्या आत कुणी यायचं आणि बाहेर कुणी थांबायचं, हे ठरवणारा धाकही कित्येक ठिकाणी त्याच देवाच्या नावाने होता. त्यामुळे झाड वाचवल्याचं कौतुक करताना त्याच गावात माणसाची कुचंबणा होते का, हेही विचारायला हवं.

पंचगंगेचंच घ्या. दरवर्षी गणपतीत विसर्जनावरून वाद होतो. मूर्तिदान, निर्माल्य वेगळं गोळा करणं, नदीऐवजी इराणी खणीत किंवा कुंडात विसर्जन, हे कोल्हापूरने टप्प्याटप्प्याने स्वीकारलं. पुरोगामी कार्यकर्त्यांनी आणि कित्येक मंडळांनी त्यासाठी वर्षानुवर्षं काम केलं आणि मला त्याचा अभिमान आहे. पण नदी वर्षभर सडते ती नाल्यांतून येणाऱ्या मैल्याने आणि कारखान्यांच्या सांडपाण्याने. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं दगावली, ती दूषित पाण्याने. खाली शिरोळ तालुक्यात त्याच नदीचं पाणी लोक पितात. मग भक्ताला विसर्जनाची शिस्त लावणं हा कामाचा अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा म्हणजे त्याच भक्ताने, त्याच मंडळाने, ढोल-ताशाच्या त्याच ताकदीने 'सांडपाणी प्रक्रिया न करता कोण सोडतं?' असं विचारायला रस्त्यावर येणं. नदी आई आहे असं आपण म्हणतो. त्या आईचं पाणी खालच्या गावातल्या पोराला प्यायला लागतं.

देवाच्या नावाने सगळंच न्यायाचं असतं असंही नाही. नागपूर ते गोवा शक्तिपीठ महामार्गाचंच बघा. सुमारे ८०० किलोमीटरचा रस्ता, मूळ आराखड्यात १२ जिल्हे, माहूर, तुळजापूर आणि आपली अंबाबाई जोडणारा. नाव देवीचं. पण कोल्हापुरातल्या शेतकऱ्यांनी २०२४ पासून त्याला जो विरोध केला, त्यात अंबाबाईचे भक्तच बहुसंख्य आहेत. पिकाऊ जमीन जाणार ही त्यांची भीती आहे, आणि रस्त्याच्या भरावाने पुराचं पाणी अडून गावात आणखी फुगेल ही दुसरी. ज्याने महापुरात घराच्या माळ्यावर रात्र काढली आहे, त्याला भराव म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. देवीला मानणारा माणूस देवीच्या नावाने आलेल्या प्रकल्पाला नाही म्हणतो, तेव्हा त्याची श्रद्धा कमी होत नाही. माझ्या मते तेव्हा ती सगळ्यात जागी असते.

ताकद आपल्याकडे भरपूर आहे, हे २०२५ साली नांदणीच्या जैन मठाच्या हत्तिणीच्या निमित्ताने दिसलं. तिला गुजरातला नेल्यावर नांदणीहून कोल्हापूरपर्यंत हजारो माणसं पायी चालत आली, जैन होते तसे इतरही होते. त्या प्रकरणातली बरोबर बाजू कोणती, हा इथला विषय नाही. पण एका मठाच्या हाकेवर एवढा जिल्हा चालू शकतो. तीच हाक शिरोळच्या दूषित पाण्यासाठी, किंवा पुनर्वसनाच्या वाटेवर अडकलेल्या वस्तीसाठी दिली गेली तर? आणि एकमेकांच्या धर्माला परकं मानायची सवयही आपल्या मातीची नाही. कुरुंदवाडात मशिदींत गणपती बसतो, ही परंपरा कुणी बाहेरून शिकवलेली नाही. कृष्णा-पंचगंगेचं पाणी त्या गावाला वेढा घालतं तेव्हा ते मशिदीत आणि देवळात सारखंच शिरतं.

मग करायचं काय?

वॉरन परगण्याकडून घेण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे मोजणी. मठात, बोर्डिंगात, मशिदीत, समाजमंदिरात पूरग्रस्त येतात तेव्हा जेवणाच्या ताटांचा हिशेब असतोच. त्याच वहीत आणखी चार रकाने आखता येतात: घर स्वतःचं की भाड्याचं, निळ्या पूररेषेच्या आत की बाहेर, पंचनामा झाला का, मदत मिळाली का. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा शंभर वर्षांतल्या एकदाच्या पुराची. २००५, २०१९, २०२१ असे तीन महापूर अवघ्या सोळा वर्षांत पाहिलेल्या शहरात या रेषा कुठून जातात आणि त्यांच्या आत कुणाची घरं आहेत, हे गल्लीतल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं. दोन-तीन पावसाळ्यांच्या अशा वह्या एकत्र केल्या तर आपला स्वतःचा अहवाल तयार होतो, आणि तो कलेक्टर कचेरीत ठेवता येतो.

दुसरी गोष्ट जागेची. पुनर्वसन म्हणजे भूखंड देऊन मोकळं होणं नव्हे. प्रयाग चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना १९८९ च्या पुरानंतर सोनतळीला जागा दिल्या, तरी कितीतरी कुटुंबं जुन्या गावातच राहिली, कारण शेती तिथे, गोठा तिथे, ग्रामदैवत तिथे. देव इथे असताना आम्ही कसं उठायचं, हा प्रश्न सरकारी अधिकारी हसण्यावारी नेईल. त्याचं उत्तर गुरव, पुजारी, गावचे मानकरी यांनाच गावासोबत बसून शोधावं लागेल. श्रद्धेच्या माणसांशिवाय हे काम होणार नाही.

तिसरी गोष्ट जमिनीची आणि पैशांची, आणि इथे बोलायला लोक कचरतात. पश्चिम महाराष्ट्र देवस्थान समितीकडे तीन हजारांहून अधिक मंदिरं आणि हजारो एकर जमिनी आहेत. त्या कोण कसतं, त्यांवर झाडं किती, पूररेषेबाहेरची त्यातली जागा तात्पुरत्या निवाऱ्याला मिळू शकते का, हे विचारण्यात अश्रद्धा काहीच नाही. अमेरिकेतल्या चर्चने आपले पैसे कोळशातून काढले, तसा आपल्या देवस्थानांनी, वक्फने, ट्रस्टांनी आपल्या मालमत्तेचा विचार करायला हरकत नाही.

आणि यात पुढे कोण बसेल, यावर मी अडून राहीन. वॉरन परगण्यात आंदोलनाचे निर्णय घेणारे त्याच वस्तीतले होते, त्यांच्या वतीने दुसरं कुणी बोलत नव्हतं. मदत समितीत देणारेच सगळे आणि घेणाऱ्यातलं एकही माणूस नाही, अशी समिती कितीही भाविक असली तरी पुरेशी नाही. सुतारवाड्यातली बाई, वाटेकरी, धनगरवाड्यावरचा तरुण, बौद्धवाड्यातला कार्यकर्ता यांना मठाच्या, मशिदीच्या, देवस्थानच्या बैठकीत आधीपासून खुर्ची हवी, पूर आल्यावर नव्हे.

पावसाळ्याआधी, साधारण मे महिन्यात, महापालिका आणि तहसील कार्यालयं आपत्ती व्यवस्थापनाचा आराखडा तयार करतात. त्यात निवारा केंद्रांची यादी असते, कोणत्या वस्तीतली किती कुटुंबं कधी हलवायची हे असतं. ही यादी वॉर्ड ऑफिसात किंवा तहसीलमध्ये जाऊन मागता येते. दिली नाही तर माहितीच्या अधिकारात साध्या कागदावर अर्ज लिहून दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. यादी हातात आली की त्यात भाडेकरूंची नावं आहेत का, ते आधी तपासा.